‘लागू नसेल ते खोडावे’ : हृदयसंशोधन करणाऱ्या एका संस्थेला खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक, तसंच मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, नैतिकता समिती

(संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आपलं पत्र माझ्याकडे आहे, माझी तीन आपल्याकडे आहेत. ओळख पटायला तेवढं पुरे.)

स. न. वि. वि.

आमच्या तपासण्यांत काय निघालं, या माझ्या प्रश्नाला गेल्या महिन्यात आपलं उत्तर मिळालं. तीन स्मरणपत्रांनंतर का होईना, आलं, त्याबद्दल आभार. इंग्रजीतल्या दोन ओळी. मी चुकीचं वाचतोय की काय म्हणून शेजारच्या पुस्तकांच्या दुकानातल्या मुलाकडून पुन्हा वाचून घेतलं. प्रकल्पाची मुदत संपली आहे आणि सहभागी व्यक्तींना वैयक्तिक निष्कर्ष कळवण्याची त्यात तरतूद नव्हती, एवढाच मजकूर. सहभागी व्यक्ती म्हणजे आम्ही: माझी आई, मी, माझी बहीण, आमची चार मुलं. आणि मेणाच्या वडीतला माझा भाऊ.

मी आप्पा बळवंत चौकात बाइंडिंग करतो. वडिलांचाच धंदा. शाळांच्या वह्या, वकिलांच्या फायली, जुन्या पोथ्या, आणि जून-जुलैची गर्दी ओसरली की पीएचडीचे प्रबंध. मरून किंवा काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. आतलं मला काही कळत नाही, पण एक पान मी प्रत्येक प्रबंधात वाचतो, ऋणनिर्देशाचं. आधी गाइड, मग विभागप्रमुख, मग आईबाबा, मग हॉस्टेलवरचे मित्र, एकदा तर एक मांजरसुद्धा होतं. सगळ्यात शेवटी एका ओळीत ‘नमुने देणाऱ्या रुग्णांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे’. मांजराचं नाव दिलेलं होतं.

‘मायोसिन’ हा शब्द मी सोनेरी अक्षरांत निदान दोनदा तरी छापला असेल. तो काय आहे ते भाऊ गेल्यावर कळलं.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. 2019 च्या डिसेंबरात एका रविवारी आतकरवाडीच्या पायवाटेनं सिंहगड चढताना गेला. वय 41. दर पंधरा दिवसांनी गड चढणारा माणूस. तंबाखू नाही, दारू नाही, शुगर नाही. ‘तुम्ही व्हा पुढे, नाडी बांधून आलोच,’ असं सोबतच्यांना म्हणून खाली वाकला, तो तसाच बसला. आम्ही त्याला ताब्यात घेतलं तेव्हा डाव्या बुटाची नाडी सुटलेलीच होती.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात आणखी कुणी असं अचानक गेलंय का? वडील गेले होते. 46 व्या वर्षी, लकडी पुलावर, सायकलवरून. तेव्हा सगळ्यांनी ‘अटॅक’ म्हटलं आणि विषय संपला. भावाच्या रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या होत्या. जाड झाला होता तो हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. साधारण 500 माणसांत एकाला असते आणि आईबापांपैकी एकाला असली तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. हृदयाच्या स्नायूत मायोसिनची बारीक डोकी शेजारच्या तंतूला धरून ओढतात, म्हणून हृदय आवळलं जातं. एका वेळी किती डोक्यांनी ओढायचं, याला लगाम घालणारं एक प्रथिन असतं. त्याचं नाव मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी. (‘बाइंडिंग’ ऐकून मला त्या परिस्थितीतही हसू आलं होतं.) या आजारात ज्या जनुकांमध्ये दोष सापडतो त्यांत याचं जनुक अगदी वरच्या नंबरात आहे. लगाम सुटला की ओढ वाढते आणि सैल पडणं कमी होतं. शिलाई करताना दोरा फार ताणला की पुस्तक दिसतं घट्ट, देखणं, पण नीट उघडत नाही. तसं हे हृदय. दाबतं जोरात, उघडत नाही. आणि एखाद्या दिवशी ठोक्यांची लयच बिघडते.

2021 साली आपल्याकडून फोन आला, अशा कुटुंबांचा अभ्यास करतोय म्हणून. भावाच्या हृदयाचा तुकडा ज्या मेणाच्या वडीत जपून ठेवला होता, ती वडी भावजयीच्या सहीनं आपल्याकडे आली. एका रविवारी सकाळी आम्ही सातजण आलो. एको (हृदयाची सोनोग्राफी) झाले, जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत रक्त घेतलं, चहा-बिस्किटं दिली. आईची शीर सापडेना तेव्हा रक्त घेणारी मुलगी दोनदा ‘सॉरी आजी’ म्हणाली. आपली माणसं वागायला चांगली होती, हे मुद्दाम नोंदवतो. आई तिला म्हणाली, ‘घे बाई, दोन्ही हातांचं घे. पण माझ्या नातवाला कळलं पाहिजे.’

आईनं दिलेली संमती ती एवढीच. कागदावरची आपल्या कपाटात आहे. माझ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

एक. संमतिपत्र इंग्रजीत, 14 पानांचं. त्याला मागून टाचलेला मराठी कागद एकच. धंद्याची खोड म्हणून मी पानं आधी मोजतो; 8 नंतर 10 होतं आणि त्याच्यामागे 9. म्हणजे टाचल्यानंतर ते कुणी वाचलेलं नव्हतं, निदान ओळीनं तरी नाही. मराठी कागदावर सातवं कलम असं: ‘संशोधनादरम्यान आढळणाऱ्या आनुषंगिक निष्पत्तीबाबत मला अवगत करण्यात यावे / येऊ नये. (लागू नसेल ते खोडावे.)’ मी दहावीपर्यंत मराठीत शिकलो आणि आयुष्यभर मराठी पुस्तकं बांधली, तरी हे वाक्य मला तिसऱ्या वाचनात समजलं: तपासताना दुसरं काही सापडलं तर मला सांगा, किंवा सांगू नका. आई चौथी शिकली आहे. त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही, आणि विचारायला हवा होता हे आम्हालाही सुचलं नाही. एकमेकांच्या कागदांवर बोट ठेवून सह्या केल्या, तेवढं मला पक्कं आठवतं: सातांपैकी एकावरही काही खोडलेलं नव्हतं. प्रत मिळणार नाही म्हणाले, म्हणून मी माझ्या पानाचा फोटो काढून ठेवला. त्यावर ‘यावे’ही आहे आणि ‘येऊ नये’ही आहे.

आता आपण लिहिता, कळवण्याची तरतूदच नव्हती. मग ते कलम कशासाठी छापलं होतं?

माझ्याकडे प्रबंध बांधायला आलेल्या एका विद्यार्थिनीनं मला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढून दिली. (बांधूनही मीच ठेवली, साधी खळीची.) संमती सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत घ्यायची, सही झालेल्या कागदाची प्रत त्याला द्यायची, हे त्यात स्वच्छ आहे. समितीत संशोधनाबाहेरचा एक सामान्य माणूस असावा, असंही आहे. आपल्या समितीतल्या त्या सामान्य सदस्यांना माझी विनंती आहे की सातवं कलम एकदा मोठ्यानं वाचावं.

दोन. पुतण्या तेव्हा 16 वर्षांचा होता, त्याच्या वतीनं त्याच्या आईनं सही केली. त्याच तत्त्वांत लिहिलंय की मूल सज्ञान झालं की त्याची संमती नव्यानं घ्यायची. तो 18 चा होऊन बराच काळ झाला. त्याचं रक्त आपल्याकडे आहे आणि त्याला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

तीन. या तक्रारीसाठीच हे पत्र लिहिलंय, तेव्हा थोडं लांबेल.

पुतण्या पोलिस भरतीची तयारी करतोय. मैदानी परीक्षेत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, त्याला 20 गुण. तो पहाटे पाचला घराबाहेर पडतो. आई साडेचारला उठून बसते आणि तो परत येऊन चपला काढेपर्यंत तिथून हलत नाही. टीव्ही लावत नाही, पोथी उघडत नाही, नुसती दाराकडे बघत बसते. तिचा नवरा सायकलवर गेला, मुलगा गडावर. ‘पळू नकोस’ असं ती त्याला एकदाही म्हणालेली नाही.

त्याचा एको 16 व्या वर्षी आपल्याकडे झाला, 18 व्या वर्षी आम्ही पैसे भरून केला. दोन्ही वेळा हृदय ठीक. पण हा आजार पुष्कळदा वयात येताना किंवा त्यानंतर दिसू लागतो, त्यामुळे आज ठीक म्हणजे कायमचं ठीक असं कुणी लिहून देत नाही. या वयात वर्ष-दोन वर्षांनी, पुढे तीन ते पाच वर्षांनी, तपासत राहायचं. डॉक्टरांनी त्यावर एक वाट सांगितली. भावाला कोणत्या जनुकीय बदलामुळे हा आजार झाला ते पक्कं कळलं, तर पुतण्याच्या रक्तात तेवढी एकच जागा बघायची. बदल नसेल तर तो मोकळा, पुन्हा पुन्हा एको नकोत. असेल तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. पण भावाचा बदल माहीत नसताना पुतण्याची तपासणी केली आणि काही निघालं नाही, तर त्याचा अर्थ काहीच नाही. काय शोधायचं तेच ठाऊक नसेल तर ‘सापडलं नाही’ला किंमत काय?

आणि आमच्या घरात आजार नक्की झालेला माणूस एकच. वडिलांचं काही राहिलेलं नाही. भावाचं राहिलंय ते आपल्या फ्रीजरमध्ये किंवा कपाटात, एका नंबराखाली. आम्ही दुसरीकडे जाऊन सुरुवात करायची म्हटली तरी करता येत नाही.

‘कळून तरी काय करणार?’ असं आपल्या कार्यालयात मला एकानं विचारलं होतं. दहा वर्षांपूर्वी कदाचित गप्प बसलो असतो. 2022 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मावाकॅमटेन या औषधाला मान्यता मिळाली. मायोसिनची ती जादा ओढच सैल करणारं हे पहिलं औषध, ज्यांच्या हृदयातून रक्त बाहेर पडताना अडतं त्यांच्यासाठी. 2023 मध्ये 1,660 जणांवरचा एक अभ्यास आला. त्यात हा आजार असलेले किंवा नुसता जनुकीय बदल असलेले लोक होते, आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांना बेताचा व्यायाम करणाऱ्यांहून जास्त धोका दिसला नाही. ज्यांच्यात बदल आहे पण हृदय अजून ठीक आहे, त्यांना स्पर्धेत भाग घ्यायलाही अमेरिकेतले तज्ज्ञ आता हरकत घेत नाहीत. म्हणजे मुलाला घरी बसवण्यासाठी आम्ही निकाल मागत नाही. त्यानं पळावं, पण काय घेऊन पळतोय ते त्याला माहीत असावं. आणि आईला थोडं झोपता यावं.

चार. बहिणीची गोष्ट, थोडक्यात. 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा शोध आला होता: मायोसिनला लगाम घालणाऱ्या त्याच प्रथिनाच्या जनुकातली डीएनएची 25 अक्षरं गळालेली, आपल्या उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत, आणि ती गळती असणाऱ्यांना हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे सात पट. भाऊ गेल्यावर ती जुनी बातमी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर किती वेळा फिरली, मोजलं नाही. आपल्याकडून काही कळेना म्हणून बहिणीनं खासगी लॅबमध्ये तपासून घेतलं. तिच्यात ती गळती निघाली. तिची मुलगी लग्नाची. बहिणीनं सहा महिने तो रिपोर्ट गव्हाच्या डब्यात, धान्याखाली ठेवला होता. स्थळ बघायला आलेल्या बाईंनी सहज ‘मामा कशानं गेले?’ विचारलं, तर ही आत जाऊन रडत बसली.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की 2020 मध्ये त्या शोधाची फेरतपासणी झाली आहे. ती गळती असणाऱ्यांपैकी थोड्याच जणांत त्याच जनुकात आणखी एक बदल असतो, आणि या आजाराचा वाढीव धोका त्या दुसऱ्या बदलापाशी जातो. नुसत्या 25 अक्षरांनी घाबरून जायचं कारण नाही. बहिणीत तो दुसरा बदल नव्हता. भावात होता का? पुन्हा आपल्याच कपाटापाशी येऊन थांबलो.

2009 ची बातमी पेपरांतून, फोनमधून घराघरांत पोचली. 2020 ची दुरुस्ती आम्हाला तपासणीच्या टेबलाशी, योगायोगानं कळली. मी पुस्तक चुकीचं बांधलं तर गिऱ्हाईक परत येतं आणि मी ते उसवून पुन्हा बांधतो. शास्त्रात उसवून पुन्हा बांधतात हे मला फार आवडलं, खरंच. फक्त ज्यांच्या घरी आधीची प्रत गेली, त्यांना नवी पाठवायचं काम कुणाचं?

आपली बाजूही मला थोडी कळते. संशोधनाची प्रयोगशाळा म्हणजे रिपोर्ट देणारी लॅब नव्हे. नमुन्यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून रुग्णाला सांगण्याआधी मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा तपासावं लागतं. पुष्कळ बदल असे निघतात की त्यांचा अर्थ आज कुणालाच लागत नाही. समजावून सांगणारे समुपदेशक कमी आहेत, अनुदान संपतं, संशोधन करणारी मुलं नोकरीला लागून निघून जातात. बहिणीचं जे झालं त्यावरून अर्धवट माहिती किती छळते हेही मी पाहिलंय. पण या सगळ्या अडचणी नळ्यांवर नंबर चिकटवण्याआधीही होत्या.

आणि हे जमत नाही असं पुण्यात तरी कुणी म्हणू नये. 1993 साली इथल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या 6 गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन. पण अंगावरच्या चरबीत मात्र आपली बाळं तेवढी मागे नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी, आणि पुढे मधुमेह लवकर. आयांमध्ये बी-12 कमी, हेही तिथेच दिसलं. ते लोक पेपर छापून गेले नाहीत. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा आले, बारा वर्षांची झाली तेव्हा आले, आणि पुढे त्याच मुलामुलींना बी-12 देऊन पुढची पिढी सुधारते का, हे बघायला पुन्हा त्याच दारांत गेले. दोन्ही अभ्यास एकसारखे नाहीत, मान्य. दार ठोठावायची पद्धत मात्र तीच असायला काय हरकत आहे?

आपल्याकडून मला काय हवंय, ते लिहितो.

भावाच्या वडीतून जे वाचलं गेलं, त्यात या आजाराचं कारण ठरेल असा बदल दिसला का, ते आम्हाला समोर बसवून मराठीत सांगा. रिपोर्ट म्हणून देता येत नसेल तर ‘अमुक ठिकाणी तपासून घ्या’ एवढं सांगा. खात्रीच्या तपासणीचे पैसे आम्ही भरू. काहीच दिसलं नसेल तर तेही सांगा. वाचलंच नसेल, तर ते सगळ्यात आधी सांगा.

सांगायचंच नसेल तर वडी परत द्या. सगळी नको, नवी तपासणी होईल एवढा भाग. भावजय सही करायला तयार आहे, आणि या वेळी ती आधी वाचणार आहे.

सातही जणांना सातवं कलम पुन्हा विचारा. एकेकट्याला, साध्या भाषेत. कुणाला नको असेल तर त्याचा मान ठेवा. माझी मुलगी कदाचित ‘नको’च म्हणेल, तो तिचा हक्क आहे. पुतण्याची संमती त्याच्याकडूनच घ्या. संमतिपत्राच्या प्रती द्या, पानं ओळीनं लावून.

आपल्याकडच्या एखाद्या निष्कर्षाचा अर्थ पुढे बदलला तर ज्यांचा तो आहे त्यांना कळवायची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवा आणि ते फाटकावर लावा. 9 जानेवारी 2025 ला देशातल्या 10,000 माणसांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. हे काम वाढतच जाणार आहे, वाढायलाच हवं. आमच्यासारखी घरंही वाढतील.

आमच्या नमुन्यांवर पेपर छापून आला तर त्याचा एक पानभर मराठी सारांश आम्हाला पाठवा. भाषांतर कठीण वाटत असेल तर घेऊन या, मी आणि ती विद्यार्थिनी बसून करू. तिचा प्रबंध आता झाला आहे, ऋणनिर्देशात तिनं नमुने देणाऱ्यांना दुसऱ्या क्रमांकावर घेतलंय. गाइडनंतर लगेच.

माझा नंबर आपल्या फॉर्मवर आहे, बदललेला नाही. दुकान पुण्यात असलं तरी दुपारी बंद नसतं. फक्त अकरा ते एक कटिंग मशीन चालू असतं, तेव्हा रिंग ऐकू येत नाही. ती वेळ सोडून कधीही फोन करा. पहाटेही चालेल, साडेचारपासून घरात जाग असते.

आपला नम्र,
एक बाइंडर
बुधवार पेठ, पुणे 2